नववा ठिपका

नाही हो मॅडम, रडणार नाही. आणि दोन मिनिटांत आटपते असंही म्हणत नाही, खोटं कशाला बोलू? तुम्ही घड्याळ बघा, मी माणसं बघते. हा माइक जरा खाली होतो का? माझ्या आधी नवे साहेब बोलून गेले, ते ताडासारखे उंच. मी आपली मुळाच्या बाजूची. हां, झाला. येतोय आवाज? मागे चहाच्या टेबलाजवळ उभे आहेत त्यांना पण? जाऊ दे, त्यांचं लक्ष बिस्किटांवर आहे.

तर आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या संस्थेच्या संचालक मॅडम. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे साहेब. साहेबांना आणि साहेबांच्या विसरभोळेपणाला पस्तीस वर्षं सांभाळणाऱ्या वहिनी. उद्यापासून साहेबांच्या खुर्चीत बसणार ते नवे साहेब. प्रयोगशाळेतली, ऑफिसातली, गेटवरची सगळी मंडळी. आणि कुणी बोलावलं नव्हतं तरी चहाचा वास घेत आलेले शेजारच्या इमारतीतले पाहुणे. सगळ्यांना माझा नमस्कार. कुणी राहिलं असेल तर त्यांनी माझ्याकडे बघून हसावं, मी त्यांना वेगळा नमस्कार करीन.

नव्या मुलामुलींना मी माहीत नाही. मी काटेवाली बाई. मागच्या काचघरात कुंडी उचलायची, वजनकाट्यावर ठेवायची, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. चोवीस वर्षं एवढंच केलं. चार वर्षांपूर्वी मीही रिटायर झाले. माझ्या निरोपाला साहेब अर्धा तास बोलले, त्यातली पंचवीस मिनिटं मुळांवर. उरलेल्या पाचात दोनदा चष्मा शोधला. तो डोक्यावर होता. साहेब, हात लावून बघू नका, आज नाकावर आहे.

तेव्हा आज मीही थोडी मुळांवर बोलणार. फिटंफाट.

आधी एक विनंती. साहेबांना मघाशी जी फ्रेम भेट दिली ती त्यांनी अजून गाडीत ठेवायला पाठवू नये. इथंच टेबलावर राहू द्या. का, ते शेवटी सांगते. वहिनी, लक्ष ठेवा. ते लगेच निघतात.

मी इथं आले तेव्हा साहेबांनी विचारलं, "शिक्षण किती?" मी म्हटलं, "सातवी. गावच्या शाळेत." साहेब म्हणाले, "वजन नीट वाचता येईल ना? पाच ग्रॅमचासुद्धा फरक चालत नाही." मी म्हटलं, "साहेब, मी सासूबाईंचे टोमणे तोललेत. पाच ग्रॅम म्हणजे काहीच नाही." साहेब हसले नाहीत. हा विनोद होता हे त्यांना दुपारी कळलं. काचघराच्या दारात येऊन एकटेच हसून गेले.

मग म्हणाले, "बाई, आपण एक मॉडेल बनवतोय." मला वाटलं, मातीचं असेल. शाळेत आम्ही धरणाचं केलं होतं. मी चार दिवस वाट बघितली, माती कालवायला कधी बोलावतात म्हणून. पाचव्या दिवशी साहेबांनी फळ्यावर एक उलटा खराटा काढला. म्हणाले, हे मूळ. मग त्या खराट्यावर आडव्या रेघा मारल्या, सहा. हे मातीचे सहा थर. प्रत्येक थरात मूळ किती, ओल किती, आणि माती ती ओल किती घट्ट धरून बसलीय, हे कळलं की रोप उद्या किती पाणी पिणार ते आज सांगता आलं पाहिजे. माती ओली असते तेव्हा सढळ हातानं देते. सुकायला लागली की मूठ आवळते. शेवटी शेवटी तर पाणी आत असतं, पण मुळाला सोडवत नाही. माणसंही असतात तशी. मी कुणाकडे बघत नाहीये, स्टोअरवाले भाऊ, तुम्ही उगाच खुर्ची बदलू नका.

मी विचारलं, "म्हणजे मूळ खालून पाणी ओढतं आणि वर पाठवतं?" साहेब म्हणाले, "नाही हो बाई. ओढणारं पान. उन्हात पानातलं पाणी उडून जातं, म्हणून ते खालून ओढतं. मूळ नुसती वाट देतं." मी म्हटलं, "मग घरातल्यासारखंच की. मागणारा वर खुर्चीत बसलेला, आणि आणणारी खाली." ते बाकी साहेबांना लगेच कळलं. वहिनींचं नाव घेऊन म्हणाले, घरी सांगू नका.

सांगितलं. कधीच सांगितलं.

पण खरं सांगते, मला गोडी लागली. फळ्यावर जे साहेब काढायचे ते माझ्या हातात यायला लागलं. रोज चोवीस कुंड्या उचलायच्या, बारा बारा किलोच्या. मनगटाला कळायचं, ही काल रात्रीपासून प्यालीय, ही रुसलीय. आधी मनात आकडा म्हणायचा, मग काट्यावर ठेवायची. पहिल्या वर्षी पन्नास ग्रॅमनं चुकायचे. सहाव्या वर्षी दहानं. साहेब कॉम्प्युटरवर गणित मांडायचे, मी मनगटावर. साहेबांना सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटलं असतं. त्यांचा कॉम्प्युटर माझ्यापेक्षा जड होता.

आता त्या फ्रेमकडे येते.

एकवीस वर्षं झाली त्याला. सूर्यफुलांची चोवीस रोपं, चोवीस कुंड्यांत. पोटभर पाणी पाजायचं, मातीवर प्लास्टिक घट्ट बांधायचं, म्हणजे वाफ मातीतून जाणार नाही, जे वजन घटेल ते रोपानंच प्यालेलं. मग पाणी बंद. पानं माना टाकेपर्यंत रोज सकाळी साडेसातला वजन. आम्ही त्याला वाळवण म्हणायचो. वाळवण सोपं दिसतं, पण एक दिवस चुकला तर सगळं वर्ष पाण्यात. आधीची दोन वर्षं तशीच गेली होती. एकदा काच फुटून पाऊस आत आला, एकदा बदली माणसानं आठवणीनं रोज पाणी घातलं. मन मोठं त्याचं, पण साहेबांचं वर्ष गेलं. तेव्हा तिसऱ्या वर्षी साहेबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाई, मला पंधरा दिवस परगावी परिषदेला जायचंय. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. एक दिवस चुकला तर मला आता चौथं वर्ष कुणी देणार नाही."

साहेब परत आले. वही पूर्ण भरलेली. ती घेऊन खोलीत गेले आणि तासाभरानं धावत आले. धावताना मी त्यांना त्याआधी एकदाच बघितलं होतं, गांधीलमाशी मागे लागली होती तेव्हा. म्हणाले, "बाई, बसले! आठच्या आठ बसले!" कॉम्प्युटरनं आधीच रेघ काढून ठेवली होती, रोप कोणत्या दिवशी किती पिणार त्याची. आणि वहीतल्या पहिल्या आठ दिवसांचे आठ ठिपके त्या रेघेवर असे बसले होते, सुईत दोरा ओवावा तसे.

आणि नववा उडालेला. माती सुकत चाललीय, रोपांचं पिणं दिवसादिवसाला कमी होतंय, आणि नवव्या दिवशी एकदम प्रत्येक कुंडी पाव किलो जास्त प्यालेली. चोवीसच्या चोवीस. दहाव्या दिवशी पुन्हा शहाण्यासारखं खाली. म्हातारा माणूस काठी टेकत चाललाय, मध्येच दोन उड्या मारतो आणि परत काठी टेकतो, तसं.

साहेबांनी काटेदुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, काटा बरोबर आहे. परत बोलावलं. तो म्हणाला, साहेब, आता मला बोलावू नका, काट्याला लाज वाटते. मग साहेबांनी त्या दिवसाची हवा काढली, ऊन काढलं, वारा काढला. मला विचारलं, "बाई, नवव्या दिवशी काही वेगळं झालं होतं का?" मी म्हटलं, "नाही साहेब." ते म्हणाले, "इथं कुठंतरी पाणी मुरतंय." मी म्हटलं, "मातीत, साहेब." हसले. विषय संपला.

संपला कुठला? पुढं चार वेळा तेच वाळवण केलं. नवव्या दिवसाची तहान काही परत आली नाही. आणि आठ ठिपके तसे रेघेवरही परत बसले नाहीत, दर वेळी रेघेच्या जरा वरच. साहेब म्हणायचे, "त्या वर्षी कसे अचूक बसले होते! त्या वर्षी मुळांनी काहीतरी वेगळं केलं. आठ दिवस गणितासारखं वागली आणि नवव्या दिवशी खालच्या थरात त्यांना काहीतरी सापडलं." काय सापडलं, ते शोधतायत. एकवीस वर्षं.

नव्या साहेबांनी एकदा सुचवलं होतं. मी कुंड्या पुसत होते, ऐकलं. म्हणाले, "सर, नववा ठिपका काढून टाकू या. आठ सुंदर आहेत, तेवढेच छापू." वाईट हेतूनं नव्हते म्हणाले. पण आमचे साहेब, जे चहा गार झाला तरी कुणाला बोलत नाहीत, ते त्या दिवशी आवाज चढवून म्हणाले, "जो ठिपका आपल्याला गैरसोयीचा, तोच जास्त जपायचा. आणि आकडा चुकला असेल असंही म्हणू नका. तो आमच्या बाईंनी लिहिलाय."

माझ्या हातातलं फडकं तिथंच राहिलं.

कारण तोवर माझं नाव झालं होतं. त्या वाळवणाच्या दिवसांतच आमचे हे दवाखान्यात होते, आणि त्यातच गेले. गवंडी होते. छातीत सिमेंट भरलं होतं, डॉक्टर म्हणाले. साहेब परत आल्यावर त्यांना कळलं. वही उघडून बघतात तर एकाही दिवसाचा खाडा नाही. वार्षिक कार्यक्रमात याच हॉलमध्ये, याच माइकवरून साहेब म्हणाले, "नवरा दवाखान्यात असताना या बाईंनी एकही वजन चुकवलं नाही. विज्ञान अशा माणसांच्या खांद्यावर उभं असतं." टाळ्या झाल्या. मला प्रशस्तिपत्र मिळालं. नव्या मुलींना अजून माझं उदाहरण देतात म्हणे. पोरींनो, देऊ देऊ नका.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर वहिनी मला जिन्यात भेटल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, रागावू नका. पण त्यांना तसं सोडून कुंड्यांकडे यायला मन कसं झालं हो तुमचं?" मी म्हटलं, "काम होतं, वहिनी." त्यानंतर वहिनी माझ्याशी बोलल्या, हसल्या, दरवर्षी लोणच्याची बरणी पाठवली. पण त्या जिन्यात त्यांच्या डोळ्यांत जे आलं होतं ते पुरतं गेलं नाही. बरोबर ना वहिनी? आता मान हलवू नका, लोक बघतायत.

आज इथं आले आणि बघते तर संस्थेनं साहेबांना काय भेट दिली? तोच ग्राफ. सोनेरी चौकटीत. आठ ठिपके रेघेवर आणि नववा वर उडालेला, त्याला तर लाल रंग दिलाय. आणि नवे साहेब भाषणात काय म्हणाले? "सर निवृत्त होत असले तरी नवव्या ठिपक्याचा शोध चालूच राहणार." तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी नाही वाजवल्या.

चहाच्या वेळी त्यांनी मला सांगितलं. गच्चीवर चोवीस कुंड्या आल्यात. वजनकाटा आलाय. पाहुण्यांची खोली रिकामी केलीय, तिथं कॉम्प्युटर बसणार. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं होतं, आता तरी समुद्र बघायला जाऊ. लग्न झाल्यावर म्हणाले होते, नेतो. आता म्हणतात, एवढा नववा दिवस सुटू दे." आणि हसल्या. त्यांचं ते हसणं मला काही गोड लागलं नाही. हातातलं बिस्किट मी बशीत ठेवलं. माझ्या हातून बिस्किट परत जाणं ही साधी गोष्ट नाही, हे मला ओळखणारे सांगतील.

साहेब किती जगणार आहेत? शंभर जगोत. पण त्यातली गुडघे चालणारी वर्षं किती? आणि ती सगळी गच्चीवर, कुंड्यांपुढं, एका लाल ठिपक्यासाठी?

मॅडम, बघितलं मी घड्याळ. संपवतेच.

आभार मानते. मला चार वर्षांनी आठवणीनं बोलावलंत, त्याबद्दल संस्थेचे. खुर्च्या मांडणाऱ्यांचे, कारण त्यांचे कुणी मानत नाही. माइक खाली करून देणाऱ्या भाऊंचे. वहिनींचे, लोणच्यासाठी आणि त्या जिन्यातल्या प्रश्नासाठी, कारण तो प्रश्न फक्त त्यांनीच विचारला. आणि साहेबांचे. सातवी शिकलेल्या बाईला त्यांनी फळ्यापुढं उभं करून माती समजावली. "तुम्हाला काय कळणार" असं एकदाही म्हणाले नाहीत. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं. पुढचं सगळं टळलं असतं.

आता शेवटी म्हणायचं असतं, की बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. बोलण्यातलं तुम्ही घालालच, मंडळी चांगली आहात. पण माझं उणंअधिक बोलण्यातलं नाही. वहीतलं आहे.

साहेब, ती फ्रेम उचला. ते आठ ठिपके बघा.

त्या आठ दिवसांत मी काचघरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. काचघराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला. मी दवाखान्यात होते, ह्यांच्या खाटेशेजारी, बाकावर. वही पिशवीत घालून नेली होती. गेटवरच्या काकांना ठाऊक होतं. ते बोलले नाहीत, आणि आता ते नाहीत. तुम्हाला कळवायला हवं होतं. पण तुमचं चौथं वर्ष माझ्या डोळ्यापुढं होतं, आणि ह्यांना सोडून उठायला माझं मन झालं नाही. वहिनी, ऐकलंत ना? झालं नाही.

आकडे मी मनानं लिहिले. डोळे मिटायचे, एकेक कुंडी मनात उचलायची, तुम्ही फळ्यावर सांगितलं होतं तसं, वरचा थर सुकला, आता दुसरा, माती मूठ आवळतेय, एवढं एवढं कमी. ह्यांची खाट खिडकीपाशी होती. श्वास पुरत नव्हता, तरी बाहेर बघून सांगायचे, "आज ढग आहेत, दहा ग्रॅम कमी पितील." मी खोडून दहा कमी करायची. सतरा नंबरची कुंडी त्यांची लाडकी झाली. न बघता. रोज विचारायचे, "आपली सतरा काय म्हणते?" आठ दिवस आम्ही दोघांनी तुमची शेती केली, साहेब. ते आठ ठिपके तुमच्या रेघेवर बसले, कारण ती तुमचीच रेघ होती. तुम्ही शिकवलेलं मी तुम्हालाच परत लिहून दिलं. रोपांना कुणी विचारलंच नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी ह्यांना जरा बरं वाटलं. दीर आले होते. हे मला म्हणाले, "आज जा. खरं वजन करून ये. बघू तरी आपण किती चुकलो ते." मी आले. चोवीस कुंड्या काट्यावर ठेवल्या. प्रत्येक कुंडी आमच्या आकड्यापेक्षा पाव किलोनं हलकी. रोज थोडी थोडी जास्त प्याली होती, तुम्हाला, मला आणि ह्यांना, तिघांनाही वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. आठ दिवसांची चूक एका दिवसाच्या नावावर आली. एवढंच आहे ते. मुळांना खाली काही सापडलं नव्हतं.

मी हसत परत गेले. जिना चढताना मनात वाक्य तयार होतं, की अहो, नापास झालो, सतरा तर सगळ्यांत जास्त प्यालीय. खिडकीजवळच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती.

त्यांना उत्तर सांगायचं राहिलं. मग तुम्हालाही सांगवलं नाही.

आठ खोटे आहेत, साहेब, आणि दहाव्यापासूनचेही घरी बसून मनानंच लिहिलेले. तुम्ही जपलात तो नववा तेवढा खरा. त्या एकाच दिवशी मी कामावर आले होते, आणि त्याच दिवशी यायला नको होतं.